स्केलिंग सोडून ‘बाकीची कामं’

पत्राचा गोषवारा

पत्र सांगलीहून आलं आहे. लिहिणाऱ्या वाचक ३२ वर्षांच्या. बारावी सायन्सनंतर दोन वर्षांचा डेंटल हायजिनिस्टचा, म्हणजे दातांची स्वच्छता करण्याचा, डिप्लोमा केला, स्टेट डेंटल कौन्सिलकडे रीतसर नोंदणी आहे आणि गेली नऊ वर्षं एकाच डॉक्टरांकडे नोकरी. तेव्हा दवाखान्यात दोन खुर्च्या होत्या, आता चार आहेत. पगार १६ हजार. मिस्टर कुपवाड एमआयडीसीत, मुलगी पहिलीत. दिवसाला आठ-दहा स्केलिंग (दातांवरचं कीटण खरवडून काढणं) होतात, शिवाय ‘बाकीची कामं’. गेल्या दिवाळीनंतर डॉक्टरांनी विट्याला दुसरी शाखा काढायचं ठरवलं आणि दोन्हीकडचा कारभार बघायला नात्यातला एक मुलगा मॅनेजर म्हणून आणला. वय २६, एमबीए. “याला जरा सगळं समजावून सांगा,” हे काम मात्र आमच्या वाचक भगिनीकडे आलं. तेव्हापासून त्यांची झोप उडाली आहे. मोबाइलवर अमेरिकेतल्या हायजिनिस्ट बायकांचे व्हिडिओ येतात, कुणी डायरेक्टर झालेली, कुणी अख्खा विभाग चालवणारी. पुण्यातली एक संस्था साडेतीन लाखांत हॉस्पिटल मॅनेजमेंटचं एमबीए देते म्हणते, “तुमचा डिप्लोमा चालतो” असं फोनवर सांगितलंय. सासूबाईंचं म्हणणं, “दात घासायचं काम बरं हाय की, सावलीतलं.” उजवं मनगट रात्री बधिर होतं. त्या विचारतात: नोकरी सोडून एमबीए करू का? हायजिनिस्ट बाईला कुणी मॅनेजर करतं का, की जन्मभर कीटणच काढत बसायचं?

उत्तर

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना त्या नव्या मॅनेजरचा राग आला, आणि तो यावा असंच तुम्ही लिहिलंय. दुसऱ्यांदा वाचताना तिसऱ्या पानावर कंसात टाकलेल्या एका वाक्यापाशी मी थांबले. “(स्टॉक, ऑटोक्लेव्हच्या नोंदी, रिकॉलचे फोन असली बाकीची कामं मी एका लाँगबुकात लिहून ठेवते. ती वही आता नवीन सरांनी मागितली आहे.)”

कंसात! नऊ वर्षांची वही तुम्ही कंसात टाकलीत. म्हणून एमबीएचं नंतर बोलू, आधी वहीचं.

तिच्या एका पानाचा फोटो तुम्ही सोबत पाठवलाय, हे चांगलं केलंत. पेशंटची नावं बोटानं झाकून काढलाय, तेही पाहिलं. डावीकडे तारीख, मग ऑटोक्लेव्हचा, म्हणजे वाफेनं हत्यारं निर्जंतुक करायच्या यंत्राचा, कितवा लोड, १२१ डिग्री, १५ पाउंड, लावल्याची वेळ, काढल्याची वेळ. शेवटच्या रकान्यात पाउचवरच्या, उष्णतेनं रंग बदलणाऱ्या पट्टीचा तुकडा कापून चिकटवलेला. सगळ्या पट्ट्या काळपट झालेल्या आणि मंगळवारची एकच मधोमध फिकी राहिलेली. तिच्यापुढे लाल शाईत: “पट्टी अर्धवट. पूर्ण ट्रे परत लावला. १०.३०चे पेशंट ११.१५ला घेतले. दाराचं गॅस्केट सैल, मेकॅनिकला फोन.”

त्या मंगळवारी सकाळी काय झालं असेल ते मला बसल्या जागी दिसतं. बाहेर पेशंट ताटकळलेला, आत डॉक्टर हातमोजे चढवून उभे, आणि तुम्ही म्हणताय, “सर, हा ट्रे देता येणार नाही.” पाऊण तास खुर्ची रिकामी ठेवायचा निर्णय तुम्ही घेतलात, वर डॉक्टरांना सांगितलात, बाहेर पेशंटला समजावलात, यंत्र दुरुस्तीला टाकलंत आणि हे सगळं उद्या कुणी विचारलं तर सापडेल असं लिहून ठेवलंत. मोठ्या हॉस्पिटलात हेच काम करणाऱ्या माणसाच्या दारावर पाटी असते. तुमच्याकडे ते ‘बाकीच्या कामां’त मोडतं.

दुसरी गोष्ट २०१९च्या पुराची. तीही तुम्ही ओघात लिहून गेलात. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट, ती ओलांडून पाणी चढत होतं. गावभागाजवळच्या तुमच्या दवाखान्यात पाणी शिरायच्या आदल्या रात्री तुम्ही आणि कंपाउंडरनं मिळून हँडपीस, एक्स-रेचा सेन्सर आणि पेशंटच्या फाइली वरच्या मजल्यावर नेल्या. खुर्च्या राहिल्या, त्यांचं नुकसान झालं. पण पाणी ओसरल्यावर तुम्ही वहीतून एकेका पेशंटला फोन केलात की दवाखाना कधी उघडणार, कुणाची कॅप अर्धवट आहे, कुणाचे टाके काढायचे राहिलेत. डॉक्टर त्या वेळी स्वतःच्या घरातला चिखल काढत होते.

आता तुमच्या प्रश्नांकडे येते. ते तुम्ही एका दमात विचारलेत, पण मला त्यात चार वेगळी दुखणी दिसतात. पगार पुरत नाही, हे एक. मान मिळाला नाही, हे दुसरं. मनगट साथ सोडू लागलंय, हे तिसरं. आणि चौथं, जे तुम्ही स्पष्ट लिहिलेलं नाही पण ओळीओळीत आहे: काम कसं चालावं हे ठरवायचा अधिकार हवाय. एमबीएची एकच गोळी या चारही दुखण्यांवर लागू पडेल असं तुम्ही धरून चाललाय. मनगटाला डॉक्टर लागतो, पगाराला हिशेब लागतो, मानासाठी एकदा समोरासमोर बोलावं लागतं. अधिकाराचं तेवढं शिक्षणाशी थोडंफार नातं आहे, तेही सगळं नाही.

अमेरिकेच्या व्हिडिओंबद्दल. ते खोटे नाहीत, पण तिथली शिडी इथल्या भिंतीला टेकवून चालणार नाही. तिथे हायजिनिस्टला राज्याचं लायसन्स असतं, अपॉइंटमेंट बुकात तिचा वेगळा रकाना असतो, तिच्या खुर्चीवर येणारे पेशंट तिचे धरले जातात. एका दवाखान्यात अशा तीन-चार जणी असल्या की त्यांच्यावर कुणीतरी लागतंच, म्हणून ‘हायजीन डायरेक्टर’ असं पद तयार होतं. आपल्याकडे १९४८च्या डेंटिस्ट्स ॲक्टनं हायजिनिस्टला ओळख दिली, तिची नोंदणी घालून दिली. दात खरवडून साफ करणं, पॉलिश करणं आणि तोंडाच्या स्वच्छतेची शिकवण देणं हे तिचं काम, असं कायद्यातच लिहिलंय. २०२३ साली नॅशनल डेंटल कमिशनचा नवा कायदा आला. पण कायद्यात नाव असणं आणि दवाखान्यात जागा असणं यात अंतर आहे. सांगली-साताऱ्याकडे बहुतेक ठिकाणी डॉक्टर स्वतःच स्केलिंग करतात आणि मदतीला बारावी झालेली एखादी मुलगी हाताखाली शिकवून घेतात. तुमच्यासारखी नोंदणी झालेली हायजिनिस्ट एका दवाखान्यात एकच असते. एकटीवर कोण डायरेक्टर होणार? म्हणून आपल्याकडे सरळ वर जायला पायऱ्या नाहीत. आडवं सरकून मग वर जावं लागतं.

जाता जाता एक सांगते, तुम्हाला आवडेल. ज्या अमेरिकेचे व्हिडिओ तुम्ही बघता, तिथे हा पेशा सुरू झाला तो एका दवाखान्यातल्या असिस्टंटपासून. कनेक्टिकट राज्यातल्या ब्रिजपोर्ट गावी आल्फ्रेड फोन्स नावाच्या दंतवैद्यानं १९०६च्या सुमारास आपल्याच असिस्टंटला, आयरीन न्यूमनला, दात स्वच्छ करायला शिकवलं. पुढे १९१३ साली त्यानं अशा बायकांसाठी शाळा काढली, त्यातल्या कितीतरी जणी गावातल्या शाळांमधून पोरांचे दात तपासायला गेल्या. न्यूमनला १९१७ साली पहिलं लायसन्स मिळालं. म्हणजे काम आधी, कागद अकरा वर्षांनी.

आता तो कागद. पुण्याच्या संस्थेला पैसे भरू नका, निदान आज तरी नाही. बारावीनंतरचा दोन वर्षांचा डिप्लोमा ही पदवी नव्हे, आणि मान्यताप्राप्त एमबीएला कुठल्याही शाखेची का होईना, पण किमान तीन वर्षांची पदवी लागतेच. महाराष्ट्राच्या सीईटीतून जायचं तर त्या पदवीला खुल्या गटात ५० टक्के आणि राखीव गटात ४५ टक्के गुण लागतात. तेव्हा “डिप्लोमा चालतो” असं जो फोनवर सांगतो, तो एक तर एमबीए या नावाखाली साधं सर्टिफिकेट विकतोय, नाही तर प्रवेश देऊन पुढचं पुढे बघू म्हणतोय. त्याला तीन प्रश्न विचारा, तेही व्हॉट्सॲपवर लेखी. पदवीवर सही कुठल्या विद्यापीठाची असेल? माझी पात्रता कुठल्या नियमात बसते, तो नियम पाठवा. प्रवेश नाकारला गेला तर फी परत मिळेल का? माझा अंदाज असा की तिसऱ्या प्रश्नानंतर त्यांचे फोन यायचे बंद होतील.

त्याऐवजी यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठातून नोकरी सांभाळून पदवी करा. बारावी झालेल्यांना तिथे सरळ प्रवेश मिळतो. आणि माझं ऐकाल तर बीए नको, बीकॉम करा. बीए सोपं जाईल हे खरं, पण तुमची कमतरता नेमकी हिशेबात आहे. एका स्केलिंगमागे दवाखान्याला खर्च किती येतो, स्केलिंगच्या यंत्राची टिप किती पेशंटमागे बदलावी लागते, उधारीवर माल घेतला तर कितीला पडतो, हे तुम्हाला सांगता येत नाही. तुमच्या त्या २६ वर्षांच्या मॅनेजरला येतं. तीन वर्षांनी तुम्ही ३५च्या व्हाल, मुलगी चौथीत असेल. त्या वेळी हॉस्पिटल प्रशासनाकडे जावंसं वाटलं तर मुंबईची टाटा सामाजिक विज्ञान संस्था आहे, पुण्यात सिम्बायोसिस आहे, आणखीही आहेत. तेव्हा तुमच्या हातात पदवी असेल आणि बारा वर्षांचा अनुभव. एक लक्षात ठेवा, मुक्त किंवा ऑनलाइन शिक्षणातून कुणी ‘डेंटलची डिग्री’ देतो म्हणाला तर दाराबाहेरूनच परत फिरा. दातांचं शिक्षण घरबसल्या होत नाही.

हाच अडसर डीएमएलटी केलेल्या लॅब टेक्निशियनना, एक्स-रे टेक्निशियनना आणि डिप्लोमावर थांबलेल्या इतर कितीतरी जणांना येतो. मला अशी पत्रं महिन्याला एक-दोन तरी येतात. त्या सगळ्यांना उत्तर हेच: आधी कुठली तरी पदवी पदरात पाडून घ्या, तोवर मॅनेजमेंटच्या जाहिराती नुसत्या वाचा.

मॅनेजरच्या नेमणुकीबद्दल तुम्ही लिहिलंय, “सरांना कळायला हवं होतं.” इथे थोडं अवघड बोलते, राग मानू नका. काय कळायला हवं होतं? तुम्हाला ते पद हवं होतं, हे तुम्ही कधी म्हणालात? पत्रात तरी तसं कुठे दिसत नाही. तुमच्या डॉक्टरांच्या जागी बसून बघा. त्यांना वाटतं, माझी हायजिनिस्ट इतकी चांगली आहे की स्केलिंगकडे मला बघावं लागत नाही, पेशंट तिलाच मागतात, मग तिला तिथून हलवायचं कशाला? चांगलं काम करणारी माणसं अशीच एका जागी खिळून राहतात. त्यात नात्यातला मुलगा रिकामा होता, प्रश्न सुटला. यात अन्याय नाही असं मी म्हणत नाही. पण हा अन्याय बराचसा नकळत झालाय, आणि नकळत झालेल्यावर बोलून इलाज होऊ शकतो.

आणि त्या मुलाकडे वैरी म्हणून बघू नका. त्याला ऑटोक्लेव्ह कळत नाही, तसं तुम्हाला बँकेचं कर्जप्रकरण कळत नाही. त्याला वही द्या, पण झेरॉक्स द्या. नोंदी दवाखान्याच्या आहेत, त्या अडवून धरू नयेत. मूळ वही तुम्ही रोज लिहिता, म्हणून ती ऑटोक्लेव्हशेजारीच राहिली पाहिजे, हे कारण पुरेसं आहे आणि खरंही आहे.

तुम्ही मला “ताई, तुम्ही नर्स होतात, मग ॲडमिनिस्ट्रेशनमध्ये गेलात, तुम्हाला कसं जमलं?” असं विचारलंय. जमलं असं लोक म्हणतात. मिरजेला वैद्यकीय पंढरी म्हणतात. वॉन्लेस साहेबांनी १८९४ साली तिथे मिशनचं हॉस्पिटल काढलं तेव्हापासून त्या गावात दवाखान्यांना तोटा नाही. अशाच एका ठिकाणी, नाव नको, मी वॉर्डात बारा वर्षं काढली आणि मग मला ड्युट्या लावायचं काम मिळालं. मला वाटलं, सुटले, आता रात्रपाळी नाही. पहिल्याच भाद्रपदात कळलं. गौरी जेवणाच्या दिवशी अठरा जणींपैकी चौदा जणींना सुट्टी हवी होती आणि वॉर्डात निदान नऊ जणी लागत होत्या. ज्या मैत्रिणीबरोबर मी एका डब्यात जेवले, तिला मी ड्युटी लावली, कारण आदल्या वर्षी तिला सुट्टी मिळाली होती. नियमानं बरोबर होतं. ती दिवाळीपर्यंत माझ्याशी बोलली नाही. त्या खुर्चीवर बसल्यावर पेशंट बरा होऊन घरी जाताना हात जोडतो, ते जोडलेले हात आपल्या वाट्याला येत नाहीत. वाट्याला येतो तो न आलेला माणूस, संपलेला गॉज आणि बंद पडलेली लिफ्ट.

हे घाबरवायला सांगत नाही. तुम्हाला स्केलिंगमधलं काय आवडतं हे तुम्ही फार छान लिहिलंय, म्हणून सांगते. मिश्री लावणाऱ्या खेड्यातल्या बायका पदर तोंडाला लावून बसतात, बोलतानासुद्धा काढत नाहीत. तुम्ही आधी त्यांच्या हातात आरसा देता, खालचे पुढचे दात आतल्या बाजूनं दाखवता, एकच दात साफ करता आणि पुन्हा आरसा देता. “अगं बया, माझाच हाय व्हय!” म्हणून एक आजी हसल्या, तेव्हा पदर आपोआप खाली आला. मग तुम्ही गालाच्या आतला पांढरा चट्टा बघितलात आणि डॉक्टरांना हाक मारलीत. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच, हे त्या आजींना तोवर कुणी सांगितलंच नव्हतं. हे सगळं सोडून तुम्हाला दिवसभर कॉम्प्युटरपुढे बसायचंय का? खरंच? की आठवड्यातले दोन-तीन दिवस हे, आणि बाकीचे दिवस ते, असं काही चालेल? माझ्या मते तुमच्यासाठी मधला रस्ताच बरा. मनगटालाही तोच सोसेल.

आता डॉक्टरांशी काय बोलायचं ते.

विट्याची शाखा अजून उभी राहायचीय, हे तुमच्या पथ्यावर पडणारं आहे. तिथे ऑटोक्लेव्ह कुठे बसणार, वापरलेली हत्यारं कुठल्या दारानं आत येणार आणि निर्जंतुक झालेली कुठल्या बाजूला ठेवणार, हे आत्ता ठरलं नाही तर नंतर भिंत फोडावी लागते. जैववैद्यकीय कचऱ्याचे २०१६चे नियम तुम्हाला पाठ आहेत: काढलेला दात आणि रक्ताचा कापूस पिवळ्या पिशवीत, हातमोजे आणि सक्शनच्या नळ्या लाल, सुया पांढऱ्या न टोचणाऱ्या डब्यात, फुटलेल्या काचा निळ्यात. पण त्याच नियमांखाली प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी लागते आणि दर वर्षी ३० जूनच्या आत वार्षिक अहवाल द्यावा लागतो, तो तुमच्या दवाखान्यात कोण भरतं? एक्स-रे मशीनची एईआरबीकडे, म्हणजे अणुऊर्जा नियामक मंडळाकडे, नोंदणी असावी लागते, ती विट्यासाठी कोण करणार आहे? विचारा. मला वाटतं डॉक्टर आणि मॅनेजर दोघंही एकमेकांकडे बघतील. ही अनाथ कामं आपणहून मागून घ्या.

मागताना नुसतं “मला वाढवा” म्हणू नका. वही घेऊन बसा आणि गेल्या वर्षाचे रिकॉल मोजा. सहा महिने झाले म्हणून किती पेशंटना फोन केला, त्यातले किती परत आले, आलेल्यांपैकी कितीजणांची पुढे फिलिंग, कॅप वगैरे कामं निघाली. हा आकडा तुम्हाला माहीत नाही, डॉक्टरांनाही नाही. दोन संध्याकाळी लागतील. तो आकडा एका कागदावर लिहून समोर ठेवला की पगाराचं बोलणं विनंतीसारखं वाटत नाही.

मग म्हणायचं: विट्याची निर्जंतुकीकरणाची आणि पेशंट-नोंदीची सगळी व्यवस्था मी सहा महिन्यांत उभी करते, तिथल्या दोन मुलींना शिकवते. आठवड्यातून दोन दिवस मी तिकडे, तीन दिवस इथे खुर्चीवर, एक दिवस दोन्हीकडच्या नोंदी तपासायला. त्या बदल्यात तीन गोष्टी कागदावर हव्यात. पदाचं नाव, ‘क्लिनिकल कोऑर्डिनेटर’ म्हणा किंवा दुसरं काही, पण छापील. पगार आणि विट्याच्या एसटीचा खर्च. आणि तिसरी सर्वांत महत्त्वाची, ती सोडू नका: निर्जंतुकीकरणात गडबड दिसली तर खुर्ची थांबवायचा अधिकार माझा, मॅनेजरनंही तो ओलांडायचा नाही. ही तिसरी गोष्ट मिळाली आणि पगार थोडा कमी वाढला, तर मी असते तर घेतला असता. उलटं झालं तर नसता घेतला.

हो, आणि एक कमतरता तुमच्या वहीतही आहे. पट्टीचा रंग बदलला म्हणजे तिथवर उष्णता आणि वाफ पोचली, एवढंच कळतं. जंतू मेले की नाही ते स्पोअर टेस्टनं कळतं, आणि ती आठवड्याला करावी असं सांगितलं जातं. त्या एका पानावर तरी मला तिचा रकाना दिसला नाही. होत नसेल तर सुरू करा. नव्या अधिकाराची सुरुवात स्वतःच्या वहीतली चूक दुरुस्त करून झाली, तर त्या मुलासमोरही तुमचं वजन राहील.

डॉक्टर नाही म्हणाले तर? म्हणू शकतात. नात्यापुढे वही हरते, असं मी पाहिलंय. तेव्हा दुसरीकडे बघायला लागा, पण एमबीएचा ध्यास घेऊन नव्हे. मिरज-सांगलीत पन्नास-शंभर खाटांची हॉस्पिटलं आहेत, त्यांतल्या मोठ्यांना सीएसएसडी असतं, म्हणजे हत्यारं निर्जंतुक करायचा विभाग. तिथे सुपरवायझर शोधताना लोक मेटाकुटीला येतात, कारण शिकलेल्या माणसाला तळघरातलं काम नको असतं आणि तळघरातल्या माणसाला नोंदी ठेवता येत नाहीत. तुम्हाला दोन्ही येतं. एनएबीएचच्या, म्हणजे हॉस्पिटलांना दर्जाची मान्यता देणाऱ्या मंडळाच्या शिक्क्याच्या, मागे लागलेल्या हॉस्पिटलांत क्वालिटी विभागातही जागा निघतात, आणि एनएबीएचची मानकं दातांच्या दवाखान्यांसाठीही आहेत, ती आजच वाचायला घ्या. एकदा क्वालिटीत शिरलात की ओटीपासून किचनपर्यंत सगळं हॉस्पिटल पायाखालून जातं. हॉस्पिटल चालवायचं कसं हे शिकायला त्याहून चांगली जागा मला माहीत नाही. सरकारी भरतीही आहे, तिथे तुमच्या पदाला दंत आरोग्यक म्हणतात. जागा थोड्या, वाट लांब, पण जाहिरात आली तर अर्ज जरूर भरा. सरकारी नोकरी लागली तर बढतीचा विचार वेगळा करावा लागेल, तेव्हा पुन्हा लिहा. सध्या तरी काही झालं तरी कौन्सिलची नोंदणी चालू ठेवा. कारभारात गेलेल्या किती नर्सबायांनी नोंदणी सोडून दिली आणि नंतर पस्तावल्या.

सासूबाईंबद्दल तुम्ही एवढं मनाला लावून घेतलंय, पण मला त्या बोलण्यात टोमणा कमी आणि माया जास्त दिसली. ‘सावलीतलं काम’ हे ऊसाच्या रानात राबलेल्या बाईच्या तोंडून येतं तेव्हा ते कौतुकच असतं. त्यांना एकदा दवाखान्यात न्या, खुर्चीवर बसवा आणि आरसा हातात द्या.

मनगटाचं मात्र मी शेवटी ठेवलंय ते विसरू नये म्हणून. रात्री हात बधिर होतो, अंगठा आणि शेजारच्या दोन बोटांना मुंग्या येतात, झटकल्यावर बरं वाटतं, असं लिहिलंय. ते मनगटातली शीर दबल्याचं लक्षण असू शकतं. स्केलिंग करणाऱ्यांना ते होतं. हाडांच्या डॉक्टरांना या आठवड्यातच दाखवा. मॅनेजर झाल्यावर बघू, असं म्हणू नका, कारण विट्याला जा नाही तर मिरजेला, लिहायला उजवा हातच लागणार आहे.

बुधवारी दुपारी एकनंतर तुमच्याकडे ओपीडी नसते म्हणालात. डॉक्टरांशी बोलायला तीच वेळ धरा. त्याआधी दोन संध्याकाळी रिकॉल मोजा, आणि आकडा काय निघाला तो मलाही कळवा.